जाळीच्या दाराची स्प्रिंग

त्या उन्हाळ्यात आमचं जाळीचं दार
उघडलं की उघडंच राहायचं.
स्वयंपाकघरात माश्या.
दाराची स्प्रिंग डॅडींनी काढून नेली होती
गिटारच्या पोटात बसवायला.

डेटन, ओहायो. एकोणीसशे एक्कावन्न.
दिवसा ते कॅश रजिस्टरच्या कारखान्यात
चाकांचे दाते कापायचे, केसाएवढी चूक माफ नसे.
रात्री गॅरेजमध्ये उताणे,
चार पायांवर उभ्या केलेल्या त्या फळीखाली,
आणि मी शेजारी बॅटरी धरून. नऊ वर्षांची.
"वेल्डा, उजेड बोटांवर. माझ्या तोंडावर नको."

स्टील गिटार तोवर मांडीवर आडवी असायची.
डाव्या हातातला पोलादी दांडा
तारांना नुसता टेकून सरकायचा.
पण दांडा सरळ, तो वाकत नाही.
सगळ्या तारा एकदम वर, सगळ्या एकदम खाली,
जुळवताना जे नातं जुळलं त्यातच अडकलेल्या.
वेगळं नातं हवं? खुंट्या पिळत बसा.
म्हणून मोठे वादक तीन-तीन, चार-चार गिटारी
एकाच चौकटीत ठोकून फिरवत,
उचलायला दोन माणसं आणि एक शिवी.

होनोलुलूहून तमाशाच्या फिरत्या कंपनीबरोबर आलेले
म्हातारे मिस्टर नाहाले
चांभाराच्या दुकानावर शिकवणी घेत.
ते म्हणाले, "जुळवणी म्हणजे खोली, टॅकेट.
खोलीत सगळं असतं.
शेजारची खोली तेवढी नसते."
डॅडींनी ते फारच मनावर घेतलं.

सायकलच्या ब्रेकची वायर.
फाटकाची बिजागरी.
भंगारात निघालेल्या विमानाचं अ‍ॅल्युमिनियम.
आईच्या शिलाई मशीनचं पायडल
(दोन दिवस अबोला).
पायडल दाबलं की तरफ फिरते,
तरफ वायर ओढते, वायर तारेला ओढते
आणि पाचवी तार एक पूर्ण स्वर वर.

चढणं सोपं होतं.
पाय उचलला की तार परत निघायची
आणि घराच्या दोन बोटं अलीकडे थांबायची.
"ऐकलंस?" ते विचारत. मला काही कळत नसे.
आईला भांडी घासताघासता कळायचं.
"अजून चढीच आहे, व्हर्लिन!"

म्हणून ती स्प्रिंग.

पायडलचा रिवाज असा, की ते दोन सुरांमधल्या
गप्प जागेत दाबायचं. हळूच, चोरासारखं.
आधी खोली बदलायची, मग वाजवायचं.
ऑगस्टमध्ये केंटकीवाल्यांच्या नाचाला
डॅडींचा पाय उशिरा पडला.
तारा अजून वाजत होत्या.
दोन जागच्या जागी उभ्या राहिल्या
आणि एक त्यांच्या मधून
वर गेली,
पायऱ्या नसलेल्या जिन्यावरून.
नाचणारे थांबले नाहीत.
बेसवाला मात्र मान वळवून बघत राहिला.
डॅडींचे कान लाल.
मागच्या बाकावरून मिस्टर नाहाले म्हणाले,
"पुन्हा चुका."

पुढे कारखान्यांनी असली वाद्यं काढली, चकचकीत,
गुडघ्याने ढकलायच्या दांड्यांसकट.
कॅटलॉग आला तेव्हा डॅडी तो दिव्याखाली धरून
बराच वेळ बघत होते.
"त्यांची स्प्रिंग बरी आहे," एवढंच.

गॅरेजच्या कपाटाचं दार मी बिजागरीसकट आणलंय.
आतून पेन्सिलीने त्यांच्या जुळवण्या:
ई, बी, जी शार्प. खोडलेलं.
खाली वेगळं काही, तेही खोडलेलं.
तीन जून: तार तुटली. चार जून: तार तुटली.
नऊ जून: वेल्डाला झोप आली.

आईने दाराला नवी स्प्रिंग आणली नाही.
कुणीही आत आलं की
ती वळून न बघता म्हणायची, "दार."
आणि आम्ही परत जायचो,
उरलेली दोन बोटं हाताने मिटवायला.